जुनी अमेरिकन स्टेशन वॅगन घडवताना: कामाचा क्रम, आणि तो कुठे चुकतो

जुनी वॅगन घरी आली की बहुतेकांचा पहिला खर्च ठरलेला असतो: मोठी व्हील, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि रंग. मग पहिला जोराचा पाऊस पडतो. मागच्या हौद्यात, म्हणजे सामानाच्या जागेत, पाणी साचतं, टेलगेटची (मागच्या दाराची) काच अर्ध्यावर अडकते, टपाच्या कडेचा नवा रंग फुगायला लागतो. झालेलं काम उचकटून पुन्हा पत्र्यापासून सुरुवात करावी लागते. विकायला निघालेल्या अर्धवट वॅगनचे फोटो नीट पाहा. व्हील चकचकीत असतात आणि टेलगेट दोरीने बांधलेलं असतं.

मूळ चूक एकच. लोक कूपे (दोन दारांची गाडी) किंवा सेडानच्या सवयीने वॅगनला हात घालतात. वॅगनचा पुढचा अर्धा भाग सेडानचाच असतो आणि त्याचे पार्ट आजही नवे बनतात. मागच्या दारांच्या मागे जे काही आहे, म्हणजे बाजूच्या मोठ्या काचा, टेलगेट, त्याची यंत्रणा, मागचे रबर, क्रोमच्या पट्ट्या, ते फक्त वॅगनचं असतं आणि बहुतेक वेळा जुन्या गाडीतूनच काढावं लागतं. म्हणून काम मागून पुढे न्यायचं. हा सगळा लेख त्या एका गोष्टीवर उभा आहे.

उदाहरण म्हणून १९६४ ते १९७२ ची शेव्हरलेट शेव्हेल वॅगन धरली आहे. या गाडीला वेगळी चॅसी आहे, चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत, आणि ती अजून आवाक्यात मिळते. फोर्ड किंवा क्रायस्लरमध्ये जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. खऱ्या लाकडी सांगाड्याच्या वॅगन हा सुतारकामाचा विषय आहे, तो इथे नाही.

## पायरी १: गाडी घेताना मागची बाजू बघून घ्या

इंजिन बंद पण मागून पूर्ण असलेली वॅगन ही चालू इंजिनाच्या, टेलगेट नसलेल्या वॅगनपेक्षा शेवटी स्वस्त पडते. शेव्हरलेटचं व्ही-८ इंजिन अमेरिकेतल्या कुठल्याही गावात मिळेल. उजव्या बाजूची मागची काच शोधायला वर्ष जाऊ शकतं.

काचांचा मुद्दा नीट समजून घ्या. बाजूच्या आणि मागच्या काचा टेंपर्ड असतात. टेंपर केलेली काच नंतर कापता येत नाही, तिचा चुरा होतो. त्यामुळे "मोठी घेऊन कापून बसवू" हा विचार बाद. ओल्ड्समोबिल व्हिस्टा क्रूझर घेत असाल तर टपातल्या काचा आणि त्यांच्या भोवतीचे रबर आधी बघा, बाकी गाडी नंतर.

पाहणीला जाताना चुंबक, टॉर्च, जाड स्क्रूड्रायव्हर आणि गुडघ्याखाली घ्यायला काहीतरी न्या. या क्रमाने बघा:

१. टेलगेटची आतली खालची कड. पाणी जायची भोकं पानं-मातीने बुजतात आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून फक्त दोन-चार फोड दिसतात.
२. बाजूच्या मोठ्या काचांचा खालचा काठ.
३. टपावरच्या सामानाच्या रॅकचे स्क्रू. प्रत्येक स्क्रू म्हणजे छताला पाडलेलं भोक. आतलं छताचं कापड डागाळलेलं असेल तर उत्तर तिथेच मिळालं.
४. हौद्याच्या तळाखालची स्टेपनीची जागा.
५. बाजूला लाकडी नक्षीचं विनाइल चिकटवलेलं असेल तर त्याच्या कडेच्या पट्ट्या. त्यांच्या क्लिपांच्या भोकांतून गंज सुरू होतो आणि विनाइलखाली पसरतो.
६. मागच्या अ‍ॅक्सलवरून जाणारा चॅसीचा वाक. इथे स्क्रूड्रायव्हर जोराने टोचा. मालक नाराज झाला तरी टोचा.

मिशिगन, ओहायो, न्यू जर्सीकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाड्या खालून जातात. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिकोच्या गाड्यांचा पत्रा कोरडा असतो, पण डॅशबोर्ड, रबर आणि सीटची कव्हरं उन्हाने तडकलेली असतात. मी दुसरी निवडेन. रबर विकत मिळतं, चॅसी नाही.

तपासा: कागदावरचा चॅसी नंबर आणि गाडीवरची पट्टी जुळते का? जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही पट्टी १९६७ पर्यंत ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते, १९६८ पासून डॅशबोर्डवर, समोरच्या काचेतून दिसेल अशी. रंग किंवा वेल्डिंगसाठीसुद्धा ही पट्टी उचकटू नका, अमेरिकेत तो संघीय गुन्हा ठरू शकतो.

गाडी पुढेमागे भारतात न्यायचा विचार असेल तर तो आत्ताच करा. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतली विंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. पुढच्या पायऱ्यांमधलं बरंच काही याच प्रकारात मोडतं.

## पायरी २: पाना उचलण्याआधी गाडी कागदावर संपवा

चार गोष्टी लिहून काढा: गाडी कशासाठी वापरणार, जमिनीपासून किती उंचीवर बसणार, व्हील-टायर कुठले, इंजिन-गिअरबॉक्स कुठला. चारही एकमेकांत गुंतलेल्या आहेत. उंची बदलली की मागच्या अ‍ॅक्सलचा कोन बदलतो. कोन बदलला की प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. व्हील बदललं की ब्रेक मावतील की नाही हे बदलतं. एकेक निर्णय घेत गेलात तर एकच पार्ट दोनदा विकत घ्याल.

"कशासाठी" याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. सहा-सात माणसं आणि सामान घेऊन चारशे मैल जायचं असेल तर जमिनीला टेकलेली गाडी चालणार नाही. रविवारी कॉफीला न्यायची असेल तर चालेल.

यानंतर फोटो. प्रत्येक भाग सुटण्याआधी लांबून, जवळून आणि वायरच्या जोडाचा. पिशव्यांवर नाव लिहिताना "टेलगेट स्क्रू" असं लिहू नका. "टेलगेट, आतलं पॅनेल, वरची ओळ, डावीकडून" असं लिहा. सहा महिन्यांनी तुम्हीच वाचणार आहात.

मागचे पार्ट शोधायला याच वेळी सुरुवात करा, कारण त्यांनाच सर्वात जास्त वेळ लागतो. पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांना पेन्सिल्व्हेनियातला एप्रिलमधला कार्लाइलचा आणि ऑक्टोबरमधला हर्शीचा जुन्या पार्टचा बाजार सोयीचा आहे. जाताना मोडका पार्ट सोबत न्या किंवा त्याची मापं आणि फोटो. "शेव्हेलचं आहे" एवढ्या शब्दावर पार्ट घेऊ नका. कूपेचं आणि वॅगनचं एकाच टेबलावर पडलेलं असतं. पार्टसाठी दुसरी सडकी वॅगन पूर्ण मिळाली आणि ठेवायला जागा असली, तर घ्या.

## पायरी ३: टेलगेट

इथे घाई करू नका. जुन्या वॅगनचं टेलगेट म्हणजे दार, खिडकी, मोटर, कुलूप आणि सुरक्षेचा स्विच एकाच पत्र्यात कोंबलेले असतात. खाली पडणाऱ्या टेलगेटमध्ये साधारण नियम असा: काच पूर्ण खाली गेल्याशिवाय गेट उघडत नाही, आणि गेट नीट लागल्याशिवाय काच वर जात नाही. मोटर काच वर असताना गेली तर गेट बाहेरून उघडणार नाही. हौद्यात आडवं पडून आतलं पॅनेल काढावं लागतं. बाहेरून पहार घालून पाहणाऱ्यांनी कितीतरी चांगली टेलगेट वाकवली आहेत.

सावधान: काच उचलणाऱ्या यंत्रणेत ताणलेली स्प्रिंग असते. मोटर सोडवण्याआधी दातेरी चाक आणि त्याची पाटी यांच्यातून एक बोल्ट घालून चाक जखडून टाका. नाही तर मोटर सुटताक्षणी यंत्रणेचा दांडा झटक्यात फिरतो आणि बोट जातं.

सावधान: गेटचं वजन पेलणाऱ्या टॉर्शन रॉडवर गेट उघडं असताना जास्त ताण असतो. उघड्या गेटचे बिजागरीचे बोल्ट सैल करू नका. आणि हे काम दोघांनी करायचं.

काच संथ चालते म्हणून लगेच नवी मोटर घेऊ नका. आधी मल्टिमीटर लावा. बटण दाबलेलं असताना मोटरपाशी व्होल्ट मोजा. बॅटरीवर १२.५ आणि मोटरपाशी १० च्या खाली दिसत असेल तर दोष वायरिंगचा आहे. वायर बिजागरीजवळ, रोज वाकणाऱ्या जागी, आवरणाच्या आत तुटते. तिला टेप गुंडाळू नका, तेवढा तुकडा बदला.

पन्नास वर्षांच्या स्विचमधून मोटरचा पूर्ण करंट न नेणं बरं. बॅटरीवरून सर्किट ब्रेकर लावून १० गेजची वायर मागे न्या, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) मागे बसवा, मूळ स्विच फक्त रिले चालवेल. इथे एक फसवी जागा आहे. त्या काळातल्या बऱ्याच मोटरना दोन वायरी असल्या तरी त्या उलटसुलट जोडून दिशा बदलत नाही. एक वायर वर जायला, दुसरी खाली जायला, आणि अर्थिंग मोटरच्या अंगातून. आजच्या पद्धतीने रिले जोडले तर सर्किट ब्रेकर पडत राहील. आधी मोटर टेबलावर चालवून खात्री करा, मग आकृती काढा.

काचेच्या दोन्ही बाजूंच्या खाचा साफ करून सिलिकॉनचा फवारा द्या, ग्रीस नको. ग्रीसला धूळ चिकटते, आणि वॅगनच्या मागे धूळ भरपूर.

तपासा: गेट रबराशिवाय बसवा. फट दोन्ही बाजूंना सारखी, कुलूप एका हाताने लागलं पाहिजे. मग रबर लावा. नवं रबर बहुधा मूळच्यापेक्षा कडक असतं, गेट लागायला जड जातं. ते काही दिवस लावून ठेवा म्हणजे दबतं. लागत नाही म्हणून लगेच कुलपाची खुंटी बाहेर सरकवली की महिन्याभरात गेट खडखडायला लागतं.

## पायरी ४: पत्रा

पेट्रोलची टाकी काढल्याशिवाय आणि बॅटरी सोडल्याशिवाय मागच्या भागात वेल्डिंगची ठिणगी पाडायची नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. टाकी गॅरेजच्या बाहेर ठेवा.

तळ किंवा दारांखालची तुळई कापणार असाल तर आधी दारांच्या चौकटीत आतून लोखंडी नळ्यांचे आडवे-तिरके टेकू वेल्ड करा. वॅगनचा टप लांब आणि खांब बारीक असतात. आधार काढला की मागची दारं लागेनाशी होतात.

सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, एवढंच खरं काम आहे. वर फायबरचं कापड आणि पुट्टी भरून झाकलेलं दोन पावसाळ्यांत वर येतं. टप आणि बाजूचे मोठे पत्रे सपाट असल्यामुळे उष्णतेने लगेच लहरतात. इथे सलग वेल्ड ओढू नका. एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, मध्ये थंड होऊ द्या. कंटाळवाणं आहे, पण लहरलेला टप सरळ करणं त्याहून कंटाळवाणं आहे.

सामानाचा रॅक परत लावणार नसाल तर भोकं वेल्ड करून बंद करा, सीलंटने नको.

क्रम असा: वेल्डिंग, घासणं, इपॉक्सी प्रायमर, त्यावर जोडांचा सीलर. सीलर उघड्या पत्र्यावर लावला तर त्याच्याखाली गंज पकडतो. पोकळ जागांमधलं मेण रंग झाल्यावर, सर्वात शेवटी. आधी मारलेलं मेण रंगाच्या वेळी पाझरतं आणि रंग फाटतो.

तपासा, आणि ही तपासणी टाळू नका: रंगाच्या आधी काचा आणि रबर तात्पुरते लावून पाण्याची चाचणी घ्या. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने नळीने कमी दाबाचं पाणी सोडायचं. खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा, प्रत्येक जागी काही मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

## पायरी ५: ब्रेक, इंजिनाच्या आधी

शेव्हेलमध्ये १९६६ पर्यंत मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) एकाच कप्प्याचा होता. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा बसवणं ही पहिली सुधारणा. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक ही दुसरी.

डिस्क लावताना होणाऱ्या चुका:

मास्टर सिलिंडर ड्रमवाल्या गाडीचा तसाच ठेवतात. ड्रमच्या बाजूला सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या नळीत राहिला तर पॅड कायम घासतात आणि व्हील तापतं.

पॉवर बूस्टर लावतात पण पेडलचा रॉड जुन्याच भोकात ठेवतात. शेव्हेलच्या पेडलला दोन भोकं असतात. वरचं साध्या ब्रेकसाठी, खालचं बूस्टरसाठी. आणि इंजिनात तेज कॅमशाफ्ट घालणार असाल तर बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम मिळणार नाही हेही आत्ताच ठरवा.

रबराच्या जुन्या होज बाहेरून चांगल्या दिसतात म्हणून ठेवतात. त्या आतून फुगतात आणि ब्रेक सुटत नाही. तिन्ही बदला.

सिलिकॉनचं डॉट ५ ऑइल डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळतात. डॉट ५.१ हे नाव जवळचं असलं तरी ते ग्लायकॉलचं असतं, सिलिकॉनचं नाही. डबा वाचून घ्या.

मास्टर सिलिंडर आधी टेबलावर हवा काढून मगच गाडीवर लावा. गाडीवर हवा काढताना मास्टरपासून सर्वात लांबचं चाक आधी: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं.

वॅगनचा खास प्रश्न मागच्या वजनाचा. रिकामी असताना मागचा भाग हलका, हौद्यातली तिसरी सीट भरली की जड. मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह लावा आणि तो रिकाम्या गाडीवर जुळवा. मोकळ्या जागी, कमी वेगात, जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत. भरलेल्या गाडीवर जुळवून ठेवलात तर रिकाम्या गाडीचा मागचा भाग ओल्या रस्त्यावर फिरेल.

## पायरी ६: उंची, स्प्रिंग, व्हील

"दोन इंच खाली" असं लिहिलेल्या कूपेच्या स्प्रिंग वॅगनच्या मागे घातल्या की गाडी दोन इंचांवर थांबत नाही. मागचं वजन जास्त आहे. वॅगनसाठीच्याच स्प्रिंग मागवा. गॅस कटरने कॉइल तापवून गाडी बसवणं हा सर्वात स्वस्त आणि सर्वात वाईट उपाय आहे. स्टीलचं पाणी, म्हणजे त्याची ताकद, उतरतं आणि गाडी पुढे कायम बसतच राहते. समोरून खाली आणायची असेल तर ड्रॉप स्पिंडल (चाकाचा आस वर सरकवलेला सुटा भाग) घ्या, त्यात स्प्रिंगचा प्रवास कमी होत नाही.

१९७१ ते १९७६ च्या जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगनना मागे पाट्यांच्या स्प्रिंग आहेत. त्यांच्या सेडानना कॉइल आहेत, त्यामुळे सेडानचा किट मागवून फसू नका. त्या काळातल्या बहुतेक क्रायस्लरला पुढे टॉर्शन बार असतो. बोल्ट फिरवून गाडी झटकन खाली येते आणि लोक खूश होतात, पण सस्पेन्शनच्या रबरी थांब्यापर्यंतचं अंतरही तेवढंच संपलेलं असतं.

व्हील घेण्याआधी मोजमाप असं करा. स्प्रिंग काढा, गाडी स्टँडवर भक्कम ठेवा, व्हील-टायर लावा आणि जॅकने अ‍ॅक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली फिरवा. पुढच्या चाकांना स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून. टायर कुठे लागतो ते तेव्हाच दिसतं. बोल्टचं वर्तुळ शेव्हेलला ५ बोल्ट, ४.७५ इंच. शेव्हरलेटच्या १९७१ नंतरच्या मोठ्या वॅगनला ५ इंच. १९७० पर्यंतच्या बऱ्याच क्रायस्लरमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. सैल करण्याच्या नादात तुम्ही आवळत असता आणि बोल्ट तुटतो.

टायरवरचा भार-क्रमांक वाचा. मोठ्या व्हीलवरच्या चपट्या टायरची क्षमता कधीकधी मूळ टायरपेक्षा कमी निघते, आणि वॅगन ही ओझं वाहणारी गाडी आहे.

तपासा: हौद्यात तिसऱ्या सीटवरच्या माणसांइतक्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून गाडी खाचखळग्यांतून न्या. घासल्याचा वास आला तर उंची पुन्हा ठरवा. अजून रंग झालेला नाही, म्हणूनच ही पायरी इथे आहे.

## पायरी ७: इंजिन, शाफ्ट आणि धूर

इंजिन बदलण्यावर लिहिलेलं पुष्कळ आहे, त्यामुळे फक्त वॅगनपुरतं.

प्रोपेलर शाफ्ट कूपेवरून घेऊ नका. १९६८ ते १९७२ मध्ये शेव्हेल कूपेचा व्हीलबेस ११२ इंच, वॅगन आणि सेडानचा ११६, व्हिस्टा क्रूझरचा १२१. गाडी स्वतःच्या वजनावर, ठरलेल्या उंचीवर उभी करून मोजा. पुढचा योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत टेकल्यावर तिथून पाऊण ते एक इंच बाहेर ठेवून माप घ्या. शाफ्टच्या पुढच्या आणि मागच्या क्रॉसचे (वळणाऱ्या जोडांचे) कोन साधारण सारखे, १ ते ३ अंशांमध्ये. गाडी खाली आणल्यावर हे बिघडतात, मागच्या अ‍ॅक्सलचे वरचे आर्म बदलून जुळवावे लागतात. ६० मैलांच्या वेगाला तळातून येणारी थरथर बहुधा हीच असते. लोक टायर बॅलन्स करत बसतात.

जनरल मोटर्सचा ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घालत असाल तर थ्रॉटलपासून येणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल जुळवल्याशिवाय गाडी गल्लीतसुद्धा चालवू नका. त्या केबलवर आतला तेलाचा दाब ठरतो. चुकली की क्लच जळतात.

पेट्रोलची टाकीही वॅगनची वेगळी असू शकते. फ्युएल इंजेक्शनसाठी आत पंप असलेली तयार टाकी मागवण्याआधी जुन्या टाकीची मापं विक्रेत्याला पाठवा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी: १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणी नाही. १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना आहे, आणि तिथे इंजिन बदलताना नियम कडक आहेत. गाडी घेतानाच साल बघा.

सावधान: वॅगनचा मागचा भाग उभा कापलेला असल्याने धावताना तिथे कमी दाब तयार होतो. टेलगेटची काच उघडी असली की धूर आत ओढला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून सायलेन्सरचा पाइप तळाखाली तोंड खाली करून संपवायचा नाही, तो बॉडीच्या बाहेर काढायचा. टपावरचा हवा वळवणारा पट्टा काचेवर धूळ बसू नये म्हणून असतो, धुरावरचा उपाय म्हणून नाही. इंजिन चालू असताना मागची काच बंद. मुलं हट्ट करतील, तरी बंद.

## पायरी ८: रंग आणि लाकडी नक्षी

टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे फुप्फुसाचा कायमचा त्रास होऊ शकतो. घरी मारणार असाल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा, साधा कापडी नाही. ते जमणार नसेल तर रंग बाहेर द्या. यात कमीपणा काही नाही. तयारीचं काम तुमचं, फवारा त्यांचा.

लाकडी नक्षीचं विनाइल मात्र घरी छान जमतं, फक्त रंगाला वेळ द्यावा लागतो. रंग वरून कोरडा झाला तरी आतून सॉल्व्हंट सोडत असतो. रंगाच्या कंपनीने दिलेले दिवस पूर्ण होऊ द्या. मग फिल्मचा हातभर तुकडा चिकटवून एक दिवस उन्हात ठेवा. फुगे आले तर अजून थांबा.

१. जुनं विनाइल हीट गनने ऊब देत, प्लास्टिकच्या पट्टीने काढा. तारेचा ब्रश नको. चिकटपणा रिमूव्हरने काढा. खाली गंज दिसला तर पायरी ४ कडे परत.
२. कडेच्या पट्ट्या आधी कोऱ्या लावून बघा, सगळ्या क्लिपा बसतात का. विनाइल लावल्यावर नवं भोक पाडायची वेळ येऊ नये.
३. दारं बंद ठेवून मास्किंग टेपने पुढच्या मडगार्डपासून टेलगेटपर्यंत एक आडवी रेघ आखा. नक्षीच्या रेषा त्याच रेघेला समांतर.
४. सगळे तुकडे एकाच रोलमधून, एकाच दिशेने कापा. प्रत्येकावर बाण आणि नाव लिहा. उलटा लागलेला एक दरवाजा ऊन तिरकं पडलं की लगेच दिसतो.
५. पृष्ठभाग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा. गॅरेज साधारण १६ ते ३२ अंश सेल्सियस, वारा नको.
६. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब. पत्रा आणि फिल्म दोन्ही ओले करा, फिल्म सरकवून रेघेवर आणा, मग मधून कडेकडे पाणी काढा. फिल्म ओढू नका. ओढलेली फिल्म उन्हात परत आखडते आणि कडा उघड्या पडतात.
७. दारांच्या कडेला अर्धा इंच आत वळवा, हीट गनने बसवा. दारांच्या फटीवरून सलग फिल्म लावून नंतर ब्लेड फिरवायची नाही, रंग कापला जातो. प्रत्येक पत्रा वेगळा.
८. फुगा राहिला तर त्याच्या कडेला सुईने टोचून दाबा. चीर देऊ नका.
९. पट्ट्या दुसऱ्या दिवशी लावा.

फिल्म घेताना बाहेरच्या उन्हासाठी केलेलीच घ्या. भिंती आणि फर्निचरसाठीचं विनाइल दिसायला हुबेहूब असतं, पण गाडीवर त्याचा रंग उडतो.

## पायरी ९: आतली बाजू

इथे फार सांगण्यासारखं नाही. आवाज दाबणारे ब्युटाइलचे पत्रे टपाला आतून आणि मागच्या बाजूंना आधी लावा, नंतर तळाला. वॅगनची घुमण्याची सवय टपातून येते. पाणी शोषणारा स्पंज तळाला घालू नका. छताचं कापड लांब असतं, दोन माणसं लागतात, आणि गरम दिवशी ते बरं ताणलं जातं.

तिसरी सीट वापरणार असाल तर पट्टे नवे हवेत आणि त्यांचे बोल्ट जाड लोखंडी पट्टी लावून तळाला. नुसत्या पत्र्यात वॉशर घालून बसवलेला पट्टा धक्क्याला पत्रा फाडून बाहेर येतो. लहान मुलाची सीट त्या मागे तोंड असलेल्या बाकावर लावू नका.

## पायरी १०: रस्त्यावर

पहिली फेरी घराजवळ, हळू, अग्निशामक सोबत. परत आल्यावर तेल, ब्रेक ऑइल, कूलंट यांचे थेंब बघा. चारही चाकांना हात लावून बघा. एक चाक इतरांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक धरतो आहे. ५० ते १०० मैलांनंतर व्हीलचे नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा, सस्पेन्शनचे बोल्टही, आणि हे गाडी चाकांवर उभी असतानाच. हवेत लटकलेल्या आर्मचे बोल्ट आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत जखडतात आणि लवकर फाटतात.

पाण्याची चाचणी पुन्हा एकदा, या वेळी सगळं बसवल्यावर.

शेवटी कार्बन मोनॉक्साइडचा मीटर. बॅटरीवर चालणारा, आकडा दाखवणारा. तो हौद्यात, टेलगेटजवळ ठेवा, काच बंद, आणि महामार्गावर अर्धा तास चालवा. मग पुढच्या खिडक्या थोड्या उघडून पुन्हा, कारण त्याने आतला दाब बदलतो. आकडा शून्यावरून हलला तर खिडक्या पूर्ण उघडून घरी या आणि गाडी उभी करा. आधी सायलेन्सरचे जोड थंड इंजिनावर तपासा, मग तळातली वायरिंगची बुजवायची राहिलेली भोकं, मग टेलगेटच्या खालच्या कोपऱ्यांतलं रबर. बहुतेक वेळा ते कोपरेच असतात.